‘अल्मा’ला मराठीत काय म्हणावे : कुमारी, तरुणी की उपवर?

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात ‘अल्मा गर्भवती होईल आणि मुलाला जन्म देईल’ अशा आशयाचे वचन (७:१४) आहे; त्यातील ‘अल्मा’ हा हिब्रू शब्द आहे. मराठी बायबलमध्ये तेथे ‘कुमारी’ असे वाचायला मिळते, तर ज्यू अभ्यासक ‘तरुण स्त्री’ एवढाच अर्थ घेतात. हा वाद शब्दार्थाचा आहे की श्रद्धेचा?

उत्तर : दोन्हींचा आहे, पण आधी शब्द पाहू. ‘अल्मा’ हे ‘एलेम’ म्हणजे तरुण मुलगा या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप असून ते वय सांगते. पुरुषसंग घडला आहे की नाही, याविषयी ते काही बोलत नाही. त्यासाठी हिब्रूत ‘बेतुला’ हा जवळचा शब्द आहे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात रिबका या एकाच मुलीला १६व्या वचनात ‘बेतुला’ आणि ४३व्या वचनात ‘अल्मा’ म्हटले आहे. त्यामुळे अल्मा कुमारी असू शकते, पण तो त्या शब्दाचा अर्थ नव्हे.

गुंता वाढला तो सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरामुळे. हे भाषांतर ज्यूंनीच केलेले होते आणि त्यात या जागी ‘पार्थेनोस’ आला, ज्याचा रूढ अर्थ कुमारी. नव्या करारातील शुभवर्तमानकार मत्तयाने (१:२३) हेच ग्रीक वचन येशूच्या जन्माला लावले. इ.स.च्या दुसऱ्या शतकात अक्विला या ज्यू भाषांतरकाराने ‘पार्थेनोस’ काढून ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, हा शब्द घातला. त्याच शतकातील जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाच्या संवादग्रंथात त्रिफो हा ज्यू प्रतिवादी नेमके हेच सांगतो आणि वचनाचा संबंध यहूदाच्या आहाज राजाचा मुलगा हिज्कीया याच्याशी जोडतो. गंमत अशी की, ‘पार्थेनोस’सुद्धा तितका काटेकोर नाही : उत्पत्ती ३४:३ मध्ये शखेमाने याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार केल्यानंतरही सेप्टुआजिंट तिला ‘पार्थेनोस’च म्हणते.

शंका : मग ‘उपवर’ कसा वाटतो?

उत्तर : वयाच्या दृष्टीने तो नेमका आहे, पण ‘उपवर’ म्हटले की ती अविवाहित ठरते, आणि ज्यू भाष्यकार येथे आहाज राजाची किंवा यशयाची पत्नी पाहतात. ‘कुमारी’चीही तीच अडचण आहे. नावाआधी ‘कु.’ लावताना आपण केवळ विवाह न झाल्याचे सांगतो, ‘कौमार्य’ म्हणताना शरीराविषयी बोलतो, आणि ‘कुमारी माता’ (अविवाहित आई) या शब्दप्रयोगात तर दुसरा अर्थ पुरता गळून पडतो. माझ्या मते यशयात ‘तरुणी’ आणि मत्तयात ‘कुमारी’ असावे, कारण मूळ शब्दच वेगळे आहेत. इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने १९५२ साली असेच केले, तेव्हा अमेरिकेत त्याविरुद्ध बराच गदारोळ झाला होता.

पुरवणी : या वचनातील ‘हारा’ हे विशेषण आहे, भविष्यकाळी क्रियापद नव्हे. अब्राहामाच्या घरची दासी हागार हिला देवदूत ‘तू गरोदर आहेस’ असे सांगतो (उत्पत्ती १६:११), तेथेही हाच शब्द आहे. शिवाय ‘हा-अल्मा’मधील ‘हा’ हे हिब्रू निश्चित उपपद (इंग्रजी ‘the’सारखे) बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या व्यक्तीकडे बोट दाखवू शकतो. अराम आणि इस्राएल या राज्यांनी मिळून आहाजाच्या यहूदा राज्यावर चाल केली असताना, इ.स.पू. ७३५च्या सुमारास, आहाजापुढे हे बोलले गेले, असे धरले, तर ‘पाहा, ती तरुणी गरोदर आहे’ हे मराठी वाक्य हिब्रूच्या अधिक जवळ जाते. ‘होईल’ हे ख्रिस्ती वाचनाला सोयीचे असले, तरी ते व्याकरणाने सर्वस्वी अशक्यही नाही, कारण पुढचे ‘योलेदेत’ हे कृदंत प्रसूती व्हायची आहे असेच सुचवते.