चित्रपुस्तकात ‘धन्यवाद’ लिहू की नको?

कोथरूडची आजी
नातवासाठी हाताने चित्रपुस्तक करतेय, तो 5 वर्षांचा आहे. चार मोठे कागद मधोमध दुमडून शिवले की 16 पानं होतात. आजी-नातू सकाळी घरातून निघतात आणि पीएमपीच्या बसने मंडईत जातात, एवढीच गोष्ट. वाटेत कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, कंडक्टर, कोथिंबिरीची जुडी देणाऱ्या बाई भेटतात. प्रत्येक पानावर नातू ‘धन्यवाद’ म्हणतो. वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, “आजी, असं कोण बोलतं?” खरंच, आमच्या घरात असं कुणीच बोलत नाही. थँक्यू लिहावं, तर ते तो मान वर न करताही म्हणतो. मग मुलाच्या तोंडी काय घालू?

सातारकर
काहीच घालू नका. आमच्याकडे पोस्टमन उन्हातून आला की आई तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे करायची. ‘आभार’ हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या कार्यक्रमात ऐकला. कंडक्टरच्या पानावर पोराच्या मुठीत सुट्टे पैसे तयार दाखवा. गर्दीच्या बसमध्ये त्याहून मोठी मदत कोणती?

वेचकाची लेक
माझी आई पुण्यात घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 साली उभी राहिली, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली. आईला विचारलं, तुला काय आवडेल? म्हणाली, ओला-सुका वेगळा द्या. आणि डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. ठिपका नसेल तर पुडी उघडल्यावरच कळतं आणि हात भरतात. तुमच्या पुस्तकात तो ठिपका हवाच, लहान मुलाला काढताही येतो. एक विनंती, मावशींना केविलवाणं काढू नका. आई कामावर ताठ मानेने जाते. आणि त्यांना नाव असू द्या.

कोथरूडची आजी
शेवटचं वाक्य वाचून थांबले. सहा वर्षं त्या दारात येतात आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. आज विचारलं. त्यांनी लगेच नातवाला त्याचं नाव विचारलं, मग तो त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेला. चौथं पान नव्याने काढलं. धाकटी नात अजून डायपरमध्ये आहे, म्हणून आमच्या घरी पुड्या रोजच्याच. त्यावर लाल खडूने ठिपका काढायचं काम आता नातवाकडे. पुस्तकातला ठिपकाही त्यानेच काढलाय, जरा मोठाच झालाय, पण तसाच ठेवतेय.

सातारकर, गुळाचा खडा कोथिंबीरवाल्या बाईंच्या पानावर घेतला तर चालेल ना?