कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये उदारमतवाद स्वीकारला, असं म्हणता येईल का?

प्रश्न (सदर, नागपूर): अभ्यासगटासाठी टिपण काढतोय. १८६४ च्या 'सिलॅबस'ने (पोप नववे पायस यांनी काढलेली, चुकीच्या ठरवलेल्या मतांची यादी) ८० व्या विधानात, पोपने उदारमतवादाशी जुळवून घ्यावं हे मत चुकीचं ठरवलं. १९६५ च्या 'डिग्निटातिस ह्युमाने'त (दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा) मात्र धर्मस्वातंत्र्य मान्य. सरळ 'माघार' लिहू का?

उत्तर १: ८० वं विधान सुटं वाचलं की हाच घोटाळा होतो. सिलॅबस ही यादी आहे. प्रत्येक विधान आधीच्या कुठल्या ना कुठल्या भाषणातून किंवा पत्रातून उचललेलं. ८० वं १८६१ च्या भाषणातलं, म्हणजे इटलीच्या एकीकरणात पोपच्या राज्याचा बहुतेक मुलूख गेल्यानंतरचं. आधी ते भाषण वाचा.

खरी तुलना विधान १५ आणि डिग्निटातिसचा परिच्छेद २ यांची. बुद्धीला पटेल तो धर्म घ्यायला माणूस मोकळा आहे, हे मत १५ मध्ये नाकारलंय. परिच्छेद २ मध्ये हक्क म्हणजे सक्तीपासून मोकळीक, आणि तिचा आधार माणसाची प्रतिष्ठा. म्हणून सत्य न शोधणाऱ्यालाही तो हक्क उरतो. सगळे धर्म सारखेच खरे, असं तिथे कुठेही नाही. सत्य धर्माबद्दलचं व्यक्तीचं आणि समाजाचं कर्तव्य परिच्छेद १ तसंच ठेवतो. उदारमतवादाची व्यवस्था घेतली, तत्त्वज्ञान नाही.

प्रश्नकर्ता: मग विधान ७७? कॅथलिक धर्मच एकमेव राजधर्म असणं आता योग्य नाही, हे मत नाकारणारं, ते?

उत्तर १: तिथे मात्र बदल झालाय, आणि तो झाकू नये. परिच्छेद ६ एखाद्या धर्माला विशेष मान्यता चालेल म्हणतो, पण इतरांचा हक्क राखूनच.

उत्तर २: टिपण फक्त रोमचं ठेवू नका. १९३४ च्या बार्मेन घोषणेचा (नाझी काळातल्या जर्मन प्रोटेस्टंटांचं निवेदन) पाचवा मुद्दा घ्या: राज्याचं काम न्याय आणि शांतता, माणसाच्या जीवनाची एकमेव व्यवस्था होणं हे राज्याचं काम नाही.

उत्तर ३: नागपूरचा दुवा राहून जातोय. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली तेव्हा राजधानी नागपूर होती. अहवाल १९५६ चा. पुढे १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात (धर्मांतरविरोधी कायद्यांवरचा खटला) सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की संविधानाच्या अनुच्छेद २५ मधला 'प्रसार' म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. याच्या शेजारी डिग्निटातिसचा परिच्छेद ४ ठेवा. गरीब आणि अशिक्षितांपुढे सक्तीचा वास येईल अशी कुठलीही वागणूक तोही नाकारतो. पण आपल्या श्रद्धेची जाहीर साक्ष द्यायचा हक्क तो धर्मसमुदायाकडेच ठेवतो. गटात चर्चा याच जागी रंगेल, निम्मा वेळ तिला द्या.