कास्तकारांच्या उमेदवारानं विधानसभेला अपक्ष उभं राहावं का?

काळीमाती:
2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि ऐन सोंगणीनंतर बाजार समितीतले लिलाव त्याच्या खाली चालले होते. सभागृहात यावर तोंड उघडायचं तर व्हिपला, म्हणजे पक्षाच्या आदेशाला, न भिणारा माणूस पाहिजे. म्हणून माझं मत साफ आहे. कास्तकारांनी उमेदवार द्यावा आणि तो अपक्षच द्यावा. हे होत नाही असं नाही. 2019 ला चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, रामटेक, बडनेरा इथून अपक्ष आले. चंद्रपुरात किशोर जोरगेवारांचं मताधिक्य 70 हजारांच्या वर होतं. अचलपुरात बच्चू कडू 2004 पासून लागोपाठ तीनदा अपक्ष.

पानठेला:
भाऊ, पुढची पाच वर्षंही सांगा ना. जोरगेवार आणि गोंदियाचे विनोद अग्रवाल 2024 ला कमळावर लढले, भंडाऱ्याचे भोंडेकर आणि रामटेकचे जयस्वाल धनुष्यबाणावर. त्या वर्षी राज्यात दोन अपक्ष आले, जुन्नर आणि चंदगडला. विदर्भातून भोपळा. आणि 2019 चे हे अपक्ष आंदोलनातून थेट उचललेले नव्हते. जयस्वाल, भोंडेकर आणि बडनेऱ्याचे राणा आधीच आमदारकी केलेले, त्यांची माणसं गावोगावी होती.

खरी गोम तारखांत आहे. 2024 ला अर्ज मागे घ्यायची मुदत 4 नोव्हेंबरला संपली, अपक्षाला चिन्ह मिळतं ते त्यानंतर. 20 ला मतदान, म्हणजे 18 ला संध्याकाळी प्रचार बंद. हातात चौदा दिवस. कापूस वेचणीचे दिवस, माणूस शेतातून घरी येतो दिवेलागणीला. रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो. दिवसाचे कामाचे तास तीनच उरतात. त्यात कोलाम आदिवासींच्या पोडावर आणि बंजारा तांड्यावर नवं चिन्ह कधी पोचवणार?

कोराकागद:
चिन्हापर्यंत पोचले तर. अपक्षाचा अर्ज छाननीतच पडू शकतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक जुन्या यादीवरून उतरवला की घोटाळा. अंगठा लावणारा सूचक असेल तर अंगठा अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो, घरून लावून आणलेला चालत नाही. उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. किमान दोन भरा आणि दुसऱ्यात सूचक पूर्ण वेगळे घ्या. शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका, «निरंक» किंवा «लागू नाही» लिहा. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते. ती छाननीच्या दिवसाआधी घेतली नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज जातो. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं पाहिजे. राज्य सरकारशी कामाचा करार चालू असलेला ठेकेदार उमेदवार म्हणून उभा करू नका, तिथंही अपात्रता येते.

बोंडअळी:
पानठेला भाऊ तारखेवर अडले, मी म्हणतो पैशाचं गणित मांडा. खर्चमर्यादा 40 लाख. 2024 ला राज्यात लाखभर मतदान केंद्रं होती, 288 ने भागा, एका मतदारसंघात सुमारे 350. केंद्रामागे साडेअकरा हजारही येत नाहीत, आणि हे पूर्ण 40 लाख जमले तर! पक्षाच्या स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत, अपक्षाला ती सवलत नाही. मित्रानं फुकट दिलेल्या बोलेरोचंही भाडं दरपत्रकाप्रमाणे चढवतात. रोखीनं एका माणसाला 10,000 च्या वर देता येत नाही. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची बंदी लागू शकते. हरलेले उमेदवार नेमके इथंच ढिले पडतात.

काळीमाती:
तुम्ही सगळे बरोबर सांगून राहिले, पण हे सगळं छोट्या पक्षाच्या उमेदवारालाही लागू आहे. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षालाही दहाच सूचक लागतात. मग झेंडा खांद्यावर काहून घ्यायचा?

पानठेला:
चिन्हासाठी! असा पक्ष किमान 5 टक्के, म्हणजे 15 जागा लढत असेल तर सगळ्यांसाठी एकच चिन्ह आधी मागता येतं. सोंगणीच्या आधीपासून ते भिंतीवर असतं. शिवाय मतपत्रिकेचा क्रम बघा. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, शेवटी अपक्ष. एका मशीनवर नोटा धरून 16 बटणं. उमेदवार सोळाच्या वर गेले की तुमचा माणूस दुसऱ्या मशीनवर जाऊ शकतो, आणि पहिल्या मशीनवर शोधणारी म्हातारी हाताला येईल ते बटण दाबते.

काळीमाती:
चिन्हाचं मान्य. पण पक्षाचं बिऱ्हाड आलं की तिकिटाचा घोडेबाजारही येतो. मी अजूनही अपक्षच म्हणेन, फक्त 60-70 गावांत जोर असलेल्या माणसाला. दोन लाख वैध मतं पडली तर अनामत वाचवायलाच एक षष्ठांशाच्या वर, म्हणजे 33,334 लागतात, ती तेवढ्या गावांतून निघतात.

बोंडअळी:
अनामत 10,000 ची आहे हो, तेवढ्यासाठी कोणी आमदारकी लढवत नाही. आणि जोर असलेल्या गावांतही केंद्रावर माणूस पाहिजे. सातला मतदान, दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, तर साडेपाचला तिथं हजर. किमान 50 मतं टाकून मोजायची, मशीन रिकामं झालं ते डोळ्यानं पाहायचं. संध्याकाळी नमुना 17-क ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. मोजणीच्या टेबलावर एकूण मतांचा आकडा ताडून पाहायला तेवढा एकच कागद असतो. तुमच्याकडे असे 350 जण आहेत का?

कोराकागद:
सुरुवात यादीपासून करा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदार यादी फुकट मिळते, अपक्षाला विकत घ्यावी लागते. दहा सूचकांची नावं त्याच यादीत आजच तपासा.