छतावर पॅनेल आहेत, तरी लाईट गेली की काळोख. बॅटरी कोणती घेऊ?

सत्तरीचा_सोलरवाला:
नमस्कार मंडळी. ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड सोलर (सरकारी लाइनीला जोडलेलं, ती गेली की आपोआप बंद पडणारं) बसवून वर्ष झालं, सबसिडीचे ७८,००० पण आले, बिल नावापुरतं. पण भर दुपारी लाईट गेली की पॅनेल वर तळपतायत नि खाली पंखा बंद. बसवणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, मी बिलाच्या आनंदात ऐकलं नसेल. आई ८० ची, पंख्याशिवाय डोळा लागत नाही. ३ पंखे, ५ दिवे, वायफाय ४ तास चालले तर पुरे. बजेट ४० हजार, वर एक रुपया नाही. विहिरीवरचा १ एचपीचा पंप चालला तर सोन्याहून पिवळं.

माडाखालचा:
हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलर नि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, घ्या नि मोकळे व्हा. मी ५१.२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी घेतलीय, म्हणजे ५ युनिट साठा. अख्ख्या वाड्यावर काळोख असतो नि मी एसी लावून झोपतो. पावणेतीन लाख गेले, पण झोप बघा ना.

सत्तरीचा_सोलरवाला:
४० हजार लिहिलंय हो.

माडाखालचा:
लोन मिळतं.

मोरजेची_मावशी:
काहीही घ्या पण घराच्या आत लावा. आमचा इन्व्हर्टर बाहेरच्या भिंतीला होता, खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत स्क्रू गंजून गेले. मग आत पाल शिरली, ती मेली नि आतलं सर्किटचं कार्डही घेऊन गेली. दुकानदार म्हणे पाल वॉरंटीत येत नाही.

फोंड्याचा_भाटकार:
लिथियम-बिथियम नको, ट्यूब्युलरच, ती पाणी घालायची ॲसिडवाली. वडलांच्या वेळेपासून तीच. मी तर पावसाचं पाणी घालतो, काही होत नाही.

डिचोलीकर:
कौलांवरून उतरलेलं पाणी बॅटरीत? शेवाळ, मांजराचे पाय, सगळं आलं त्यात. डिस्टिल्डचा कॅन काय सोन्याचा आहे?

फोंड्याचा_भाटकार:
उघड्यावर पातेलं ठेवून धरतो मी, कौलांचं नाही. न वाचता बोलू नका.

डिचोलीकर:
बरं. सोलरवाले, अर्थिंग बघून घ्या. आमच्याकडे चिऱ्याची जमीन, मे महिन्यात ठणठणीत कोरडी, अर्थिंग नावालाच. पहिल्याच गडगडाटात इन्व्हर्टर गेला. आता उन्हाळाभर खड्ड्यात पाणी ओततो, विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टरही लावलाय.

हिशोबी:
पंप विसरा. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना कितीतरी पट ओढतो. लाईट असताना टाकी भरून ठेवा.
आता हिशोब. जुने पंखे ७५ चे, तीन म्हणजे २२५, दिवे नि वायफाय धरून २८५ वॅट. ४ तासांचे ११४० वॅट-तास झाले. १२ व्होल्ट १५० एएचची ट्यूब्युलर कागदावर १८००, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. पुरत नाही. बॅटरी वाढवण्यापेक्षा पंखे बीएलडीसी करा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ३० वॅटचे. मग सगळं मिळून १५०, ४ तासांचे ६००. आरामात.
सोलरला हात लावू नका, हायब्रिड केलात तर नेट मीटरचे (घेतलेली-दिलेली वीज मोजतो तो) कागद परत करावे लागतील. नि मुख्य गोष्ट, सोलरची तार बॅकअपच्या लाइनीत येऊ देऊ नका. ऑन-ग्रिड सोलरच्या इन्व्हर्टरला वाटतं ग्रिड, म्हणजे सरकारी लाइन, आली, तो वीज ढकलायला लागतो नि साधा इन्व्हर्टर जळतो. वायरमनला उभं राहून दाखवायला सांगा.
बॅटरी मात्र १२ व्होल्ट १०० एएचची लिथियमच घ्या, थोडी महाग पण पाण्याची कटकट नाही.

मोरजेची_मावशी:
आत लावा हं, परत सांगते.

सत्तरीचा_सोलरवाला:
घेतलं. साधा साइनवेव्ह इन्व्हर्टर, ट्यूब्युलर १५०, तीन बीएलडीसी पंखे, वायरमन धरून ३७ हजारांत बसलं. लिथियम नाही घेतली हिशोबीबाब, राग मानू नका. वाळपयचा बॅटरीवाला स्कूटरवरून येऊन पाणी बघून जातो, लिथियम बिघडली तर तो नुसता बघणार. काल रात्री दोन तास लाईट गेली, पंखा फिरत होता. आई मात्र सकाळपासून नव्या पंख्याचा रिमोट शोधतेय, म्हणते भिंतीवरचा रेग्युलेटर बरा होता.

माडाखालचा:
हायब्रिड घ्यायला हवा होता.

फोंड्याचा_भाटकार:
पातेलं लागलं तर सांगा.