ऑरोराची भूमिका पहिल्यांदाच: रोझ अडाजिओची तयारी कशी करायची?

दुसरी_विंग
भाची १९ वर्षांची आहे, बॅले कंपनीतलं दुसरं वर्ष. आतापर्यंत कोअर द बॅले (समूहनृत्य) आणि एका परीचा सोलो एवढंच केलंय. आता 'स्लीपिंग ब्यूटी'मध्ये ऑरोरा, म्हणजे नायिका राजकन्या, मिळाली आहे: एकच मॅटिनी (दुपारचा प्रयोग), हातात सात आठवडे. वर्गात अ‍ॅटिट्यूडमधला (एका पायाच्या टोकावर उभं राहून दुसरा वाकवून मागे उचलायचा) तोल आरामात धरते. पण पहिला अंक सलग काढला की रोझ अडाजिओत, जिथे चार राजपुत्रांचे हात एकामागून एक धरत-सोडत असाच तोल सांभाळायचा असतो, चौथ्या राजपुत्रापर्यंत पाय थरथरतो आणि हात सोडवत नाही. वेळ कशावर घालवावा? आणि शूजचं काय करतात?

टाच_वर
हा घोट्याच्या ताकदीपेक्षा दमाचा प्रश्न आहे. ऑरोराचा प्रवेशच धावत, उड्या मारत होतो. मग हार्पचा एकट्याचा तुकडा वाजतो, तेवढाच काय तो श्वास, की लगेच चार राजपुत्र हजर. पोटऱ्या तोवर भरून आलेल्या असतात. त्यामुळे ताज्या पायावर कितीही तोल धरला तरी रंगमंचावर त्याचा फारसा उपयोग नाही. आठवड्यातून तीनदा प्रवेश पूर्ण ताकदीने नाचून, मध्ये न थांबता अडाजिओ शेवटपर्यंत न्यावा. पाचव्या आठवड्यापासून पुढचा सोलो आणि चाती टोचण्यापर्यंतचा भागही जोडावा.

तोल दोनदा येतात. सुरुवातीला हात घ्यायचा, सोडायचा, दोन्ही हात डोक्यावर, मग पुढच्याचा हात. शेवटी प्रत्येक राजपुत्र आधी तिचा हात धरून तिच्याभोवती चालत तिला एक पूर्ण फेरी देतो आणि मग हात सुटतो. पाय थरथरतो तो इथे. तिच्या हाताकडे नीट बघा: दमल्यावर ती बोटं आवळते, कोपर वाकतं, खांदा वर चढतो आणि वजन मागे जातं. राजपुत्राच्या तळव्यावर सरळ खाली दाबायचं, स्वतःकडे ओढायचं नाही. वजन पायावर बसलं की मगच हात उचलायचा.

मागचा पायही उगाच उंच नको, कंबर कलली की तोल गेलाच. नृत्यदिग्दर्शक रातमान्स्कींनी २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरसाठी स्टेपानोव्ह पद्धतीने लिहिलेल्या जुन्या नृत्यनोंदींवरून हा बॅले बसवला, त्यात पाय आजच्यापेक्षा बरेच खाली होते आणि फार सुंदर दिसत होते.

चौथा_राजपुत्र
चारही राजपुत्रांना एकत्र बोलावून निदान दोन वेगळ्या रिहर्सल घ्या. त्यांना बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यातच बोलावतात आणि तिथेच घोळ होतो. चौघांची उंची वेगवेगळी, पण तिला तळवा एकाच उंचीवर मिळाला पाहिजे, तिच्या खांद्याच्या किंचित खाली. उंच मुलाने कोपर वाकवून हात खाली आणायचा. आपल्या सोयीची उंची धरली तर दर वेळी तिला नव्याने तोल शोधावा लागतो.

फेरी देताना तिचा टेकलेला पाय हे वर्तुळाचं केंद्र. अंतर शेवटपर्यंत तेवढंच ठेवून छोट्या पावलांनी चालायचं. आत आलात तर ती मागे ढकलली जाते, बाहेर गेलात तर पायावरून खेचली जाते. शेवटच्या पाव फेरीत वेग कमी करत थांबायचं. झटक्यात थांबलात तर तिचं शरीर पुढे फिरत राहतं. आणि हात तिने सोडायचा, राजपुत्राने काढून घ्यायचा नाही.

साटीन_आणि_राळ
शूज (टोकावर उभं राहायचे, पॉइंट शूज): प्रत्येक अंकाला वेगळी जोडी, शिवाय एक जादा. पहिल्या अंकाच्या जोडीचं टोक घट्ट हवं. आतून गोंद आदल्या संध्याकाळी लावा, रात्रभर वाळू द्या. टोकाची कड जाड दोऱ्याने रफू केली की टेकायला थोडी जास्त जागा मिळते. पण कोरी करकरीत जोडी थेट रंगमंचावर नको, आधी पंधरा-वीस मिनिटं वापरून घ्या. पारंपरिक शूजचं टोक खळीने कडक केलेलं असतं आणि घामाने ते मऊ पडतं, म्हणून पहिल्या अंकाची जोडी तिसऱ्यात चालत नाही. दुसऱ्या अंकातल्या दर्शनाच्या प्रसंगाला (राजपुत्राला ऑरोरा स्वप्नासारखी दिसते तो) मऊ जोडी द्या, तिथे टोकांचा ठकठक आवाज फार खटकतो. फितीची गाठ घोट्याच्या आतल्या बाजूला मारा, टोकं खोचून दोन टाके घाला.

पियानोमागे
वरचं सगळं मान्य, पण सात आठवडे फक्त या तोलांवर घालवू नका. पहिल्या प्रयोगात लांब तोल नकोच. पहिल्या हातावर रेंगाळलं की संगीत पुढे जातं आणि चौथा तोल घाईत येतो. उशीर झालाच तर हात डोक्यावर पूर्ण न नेता पुढचा हात घ्यायचा. हा मार्गही आधीच बसवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. कंडक्टरला एका तरी रिहर्सलला बसवा, पियानोवरची लय आणि ऑर्केस्ट्राची लय यांत फरक पडतोच. शेवटच्या तीन आठवड्यांत आरशाकडे पाठ करून नाचू द्या, कारण समोर काळोखं प्रेक्षागृह असणार.

तिसऱ्या अंकातल्या दुहेरी नृत्यात फिश डाइव्ह (जोडीदार तिला डोकं खाली, झेप घेतल्यासारखं धरतो ते) आहेत का ते आजच विचारा, सगळ्या आवृत्त्यांत नसतात. असतील तर जोडीदाराबरोबरचे तास आधी तिकडे लावा.

दुसरी_विंग
मनापासून आभार. कोअरच्या रिहर्सलमधून सूट मागितली तर वाईट दिसेल का?

टाच_वर
अजिबात नाही. पण तिने स्वतः, बॅले मास्टरकडे, आणि याच आठवड्यात मागावी. निदान पूर्ण अंक काढायच्या दिवशी संध्याकाळी कोअरच्या उड्या नकोत. टोकावर उभं राहताना घोट्याच्या मागे दुखलं, किंवा पावलाच्या हाडावर बोट दाबल्यावर एका ठिकाणी कळ आली, तर त्याच दिवशी फिजिओकडे जायचं.