धोक्याचे आकडे लोकांना सांगावेत की नुसती सूचना द्यावी?

रेवती: काल येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, सामान्य माणसाला आरोग्यविषयक आकडे झेपत नाहीत, त्यामुळे तज्ज्ञांनी त्याला काय करावे आणि काय टाळावे एवढेच सांगावे. हे वाचून मला मनापासून राग आला. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघी, हे मात्र बहुतेकींपर्यंत पोहोचलेच नाही. अनेकींनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात अधिक झाले. गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. या स्त्रियांची समज कमी नव्हती. अर्धीच माहिती हाती पडली, तर कोणीही घाबरेल.

माधव: पूर्ण माहिती दिली म्हणजे प्रश्न सुटतो, हा आपला भ्रम आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच, म्हणजे कर्करोगाला नक्की कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले, तेव्हा हा गट पुराव्याच्या बळकटीवरून ठरतो, धोक्याच्या आकारावरून नव्हे, हा खुलासाही सोबत दिला होता. तो कोणाच्या लक्षात राहिला? माझ्या वडिलांनी कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या खोक्यातील माहितीपत्रक भिंग लावून वाचले, ‘स्नायूदुखी’ या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या पोटऱ्या दुखू लागल्या. त्यांनी गोळी बंद केली. पुढे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या पत्रकाने त्यांचे काय भले केले, हे आपणच सांगा.

सुनंदा: आपल्या वडिलांविषयी वाईट वाटले, परंतु दोष माहितीचा नसून ती देण्याच्या पद्धतीचा आहे. ती पत्रके रुग्णासाठी लिहिलेलीच नसतात. उद्या दावा झाला तर कंपनीला हात वर करता यावेत, म्हणून त्यांत सगळे कोंबलेले असते. माझ्या थायरॉईडच्या गोळ्यांचे पत्रक उलगडले की टेबल झाकले जाते, आणि इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरांनी त्यातील एक ओळ मला समजावून सांगितलेली नाही.

माधव: म्हणजे शेवटी दोष डॉक्टरांचाच! बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना प्रत्येकाला संख्याशास्त्र शिकवता येत नाही. टीका करण्यापूर्वी एकदा त्या खुर्चीत बसून पाहावे.

सुनंदा: आवाज चढवल्याने पुरावा बदलत नाही. आपल्या वडिलांच्या गोळीबाबतच २०२० मध्ये सॅमसन नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी दिली आणि काही महिने काहीच दिले नाही. खऱ्या गोळीवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास निष्प्रभ गोळीवरही जाणवला. तो त्रास खरा होता, पण त्याचे कारण औषध नव्हते. या लोकांना त्यांच्याच नोंदी दाखवल्या, तेव्हा चाचणीनंतर सहा महिन्यांत निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

रेवती: आणि ‘नुसती सूचना’ दिल्याने काय होते, तेही पाहा. वेड्या गाईच्या रोगाचे, म्हणजे गुरांच्या मेंदूच्या जीवघेण्या विकाराचे, सावट असताना, १९९० मध्ये, ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या चिमुकल्या मुलीला गोमांसाचा बर्गर भरवू पाहिला. मांस सुरक्षित आहे एवढाच निरोप होता. अजून काय ठाऊक नाही, हे त्यात नव्हते. मार्च १९९६ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत सांगावे लागले की, माणसांत आढळलेल्या नव्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. त्यानंतर लोकांनी सरकारी आश्वासनांवर विश्वास ठेवला नाही, तर त्यांना अज्ञानी म्हणणे अन्यायाचे आहे.

माधव: गमर यांचे उदाहरण मला नाकारता येत नाही, आणि त्या चाचणीचा निष्कर्षही मी नाइलाजाने मान्य करतो. पण त्या साठ जणांसमोर त्यांच्या नोंदी घेऊन कोणीतरी बसले होते. माझ्या वडिलांसमोर फक्त घडी घातलेला कागद होता. ते बसणारे माणूस प्रत्येक रुग्णाला कोठून मिळणार, हे आपण दोघींनी अद्याप सांगितलेले नाही.