गुरगुरणं दाबू नका, कारण शोधा

कुत्र्यांबद्दलच्या या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की कुत्रा गुरगुरला की तिथल्या तिथे दटावायचा, नाहीतर तो डोक्यावर बसतो. मला हे अजिबात पटत नाही. गुरगुरणं म्हणजे "आता पुरे, लांब हो" अशी सूचना असते. त्याआधी मान फिरवून, ओठ चाटून, अंग ताठ करून त्याने तेच सांगितलेलं असतं, आपलं लक्ष नसतं एवढंच. ओरडून तो आवाज बंद पाडला तरी आतली भीती तशीच राहते आणि मग "काही कारण नसताना चावला" म्हणून बिचाऱ्यावर शिक्का बसतो.

इथे अजून कोणी दुखण्याबद्दल बोललेलं नाही. एरवी शांत असणारा कुत्रा अचानक हात लावू देईना झाला, तर आधी डॉक्टरांना दाखवा, शिस्तीचं नंतर. आमची लॅब्रेडॉर ब्रश करताना फक्त उजव्या कानाजवळ हात गेला की गुरगुरायची. कान उलटून पाहिला तर आत लालबुंद, तपकिरी मळ आणि आंबूस वास. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, पोहल्यावर ओल राहते, त्यामुळे संसर्ग पटकन होतो. औषधाने कान बरा झाला आणि गुरगुरणंही थांबलं. म्हाताऱ्या कुत्र्यांत सांधे आणि दात दुखले की हेच होतं. फक्त घरात पडलेले माणसांचे ड्रॉप्स मनाने घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो.